हिरव्या दिव्यामागचे आकडे

शनिवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी तस्नीम शिकलगारला कळलं, की तिचे वडील गेले एकेचाळीस दिवस उत्तर द्यायचा प्रयत्न करत होते, आणि कोणीही ते ऐकून घेतलं नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी चार वाजता त्यांच्या मेंदूवरची जाळी काढून टाकायची होती. संमतिपत्र तस्नीमच्या हातात होतं. सही तेवढी बाकी होती.

दस्तगीर शिकलगार मिरजेत तंबोरे बनवायचे. अडीच महिन्यांपूर्वी कारखान्यात तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी फळी, घासताना ते कोसळले. मेंदूच्या देठापाशी रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला, पण बोट हलेना, पापणी हलेना, जीभ तर नाहीच. डोळे उघडे असायचे आणि छतावर खिळलेले असायचे. आत माणूस जागा आहे की नाही, हे बाहेरून सांगता येत नव्हतं. म्हणून डॉक्टरांनी कवटीत छोटी खिडकी पाडून मेंदूवर जाळी बसवली.

जाळी म्हणजे टपाल तिकिटाएवढा पातळ पडदा. त्यावर चार हजार टोकं, आणि प्रत्येक टोक आपल्याखालच्या पेशींची कुजबुज टिपणारं. कडेला तांदळाच्या दाण्याएवढी चिप. ही चिप म्हणजे एक चिमुकला वेब सर्व्हर होता. संकेतस्थळ उघडताना आपला ब्राउझर सर्व्हरला काहीतरी मागतो आणि सर्व्हर आधी तीन आकडी खूण पाठवतो, मग मजकूर. जाळी बनवणाऱ्यांनी हीच जुनी, जगभर रुळलेली भाषा घेतली. खाटेशेजारच्या पॅनेलवरून प्रश्न पाठवायचा, तो सूक्ष्म विजेच्या रूपात मेंदूपर्यंत जायचा, आणि जाळीकडून तीन आकडे परत यायचे. नवं असं त्यात काही नव्हतं. नवं होतं ते एवढंच, की सर्व्हरच्या पलीकडे माणूस होता.

साठ दिवसांची मुदत होती. त्यानंतर जाळीभोवती ऊती चिकटू लागते. मग ती काढणं अवघड. रुग्ण उत्तर देतो हे सिद्ध झालं तर हीच जाळी कायमची ठेवायची, नाहीतर काढून कवटी बंद करायची. आज साठावा दिवस होता.

संमतिपत्राला जोडलेल्या अहवालात एक ओळ होती. विचारलेले प्रश्न चार हजार सहाशे चोपन्न, यशस्वी प्रतिसाद चार हजार सहाशे चोपन्न, आशय निरंक.

तस्नीम पुण्यात एका बसतिकिटांच्या कंपनीत सर्व्हर सांभाळायची. सतरा वर्षांच्या नोकरीत तिने शंभर टक्के यशस्वी असा एकही आकडा पाहिला नव्हता.

"मगदूम, मला कच्चा लॉग दाखवा," ती तंत्रज्ञाला म्हणाली.

श्रेणिक मगदूम सज्जन माणूस होता. रोज दहाच्या ठोक्याला पॅनेलपुढे बसायचा आणि बारापर्यंत हलायचा नाही. "दाखवतो की. पण त्यात काय बघणार, मॅडम? सगळा हिरवा आहे. एक लाल दिवा लागला नाही साठ दिवसांत."

"तेच बघायचंय."

लॉग उघडला. पहिल्या अठरा दिवसांत ओळीमागून ओळ एकच आकडा होता, २०४. एकोणिसाव्या दिवशी अकरा वाजून चार मिनिटांनी तो बदलला होता. २०२.

तस्नीमच्या हातातला कागद खाली पडला.

"काय झालं?" श्रेणिक घाबरला.

"तुमचं पॅनेल दोनशेच्या घरातलं सगळं हिरवं दाखवतं?"

"हो. दोनशे म्हणजे यशस्वी. चारशे, पाचशे म्हणजे बिघाड. ट्रेनिंगमध्ये तसंच सांगितलंय."

"चूक नाही. पण अर्धवट आहे." तिने खुर्ची ओढली. "हे बघा. दोनशे म्हणजे विचारलंत, हे घ्या उत्तर. हा तुम्हाला माहीत आहे. दोनशे चार म्हणजे विनंती पोचली, काम झालं, पण तुम्हाला द्यायला माझ्याकडे काही नाही. दार उघडलं आणि खोली रिकामी. कळलं?"

"कळलं."

"आता दोनशे दोन. विनंती पोचली, घेतली, पण काम अजून झालेलं नाही. चालू आहे. नंतर येऊन बघा. आणि कुठे बघायचं तो पत्ता सोबत दिलेला असतो. हा बघा पत्ता, प्रत्येक ओळीत आहे. तुमचं पॅनेल या पत्त्यावर कधी गेलं?"

श्रेणिकने मान हलवली. "नाही. उत्तर रिकामं आलं, की नव्वद सेकंदांनी पुढचा प्रश्न आपोआप जातो."

"आणि पुढचा प्रश्न गेला की?"

त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं. प्रत्येक २०२ नंतर नव्वद सेकंदांनी एक २०५ होता.

"दोनशे पाच," तस्नीम म्हणाली, "म्हणजे पाटी पुसली, नव्याने सुरू करा."

श्रेणिकचा चेहरा उतरला. "म्हणजे ते उत्तर जुळवत होते आणि मी…"

"तुम्ही नाही, पॅनेल."

"मी जास्तीत जास्त प्रश्न विचारायचो, मॅडम. आमच्यात सगळ्यात जास्त प्रश्न माझेच. वाटायचं, एखाद्याला तरी उत्तर येईल."

तस्नीमला आठवत होतं ते वेगळंच. अब्बांना कधी चटकन उत्तर देता आलंच नव्हतं. तंबोऱ्याची जवारी उघडायची, म्हणजे तारांखालची घोडी कानशीने जरा जरा घासत आवाज खुलवायचा, आणि मग तंबोरा बाजूला ठेवून द्यायचा. गिऱ्हाईक विचारायचं, "झाला का?" अब्बा गप्प. चहा यायचा, संपायचा. तासाभराने तार छेडून म्हणायचे, "हां. आता झाला." शाळेच्या सहलीची परवानगीसुद्धा तिला अशीच मिळायची, विचारल्याच्या दुसऱ्या दिवशी.

पण आठवणीवर डॉक्टर विश्वास ठेवणार नव्हते. तिने लॉग पुढे सरकवला आणि सदतिसाव्या दिवसावर थांबली.

"या दिवशी काय झालं होतं? दहा वीसनंतर एकदम साडेबारा?"

"फ्यूज उडाला होता. पॅनेल बंद पडलं. जाळी बॅटरीवर चालूच राहिली. साडेबाराला वीज आली, तोच प्रश्न परत पाठवला."

तो प्रश्न होता, 'तुम्हाला दुखतं का?' आणि साडेबाराला आलेली खूण होती २०८.

हा आकडा तस्नीमने नोकरीत दोनदाच पाहिला होता. वेबवर त्याचा उपयोग क्वचितच होतो. एकाच यादीत तीच गोष्ट पुन्हा आली, तर ती पुन्हा न सांगता ही खूण करतात. जाळीच्या माहितीपुस्तकात तिने शोधलं. बनवणाऱ्यांनी तो आपल्या सोयीने वापरला होता. सव्वीसाव्या पानावर एक ओळ होती. 'या प्रश्नाचं उत्तर दिलेल्या पत्त्यावर आधीच ठेवलेलं आहे.'

ती ताडकन उभी राहिली.

"मगदूम! त्यांनी उत्तर दिलं होतं! दोन तास दहा मिनिटं कोणी त्रास दिला नाही, तेवढ्यात त्यांनी उत्तर पूर्ण केलं होतं! वर तुम्हाला सांगितलंही, की सांगून झालंय!"

"आणि नव्वद सेकंदांनी…"

"पुसलं गेलं. जाऊ दे. डॉक्टर कुठे आहेत?"

डॉ. ऊर्मिला आवटी राउंडवर होत्या. तस्नीमने त्यांना जिन्यातच गाठलं. डॉक्टर बाई कमी बोलणाऱ्या आणि नीट ऐकणाऱ्या होत्या. त्यांनी लॉग पाहिला, पुस्तकातलं पान पाहिलं, पुन्हा लॉग पाहिला.

"हे शक्य आहे," त्या म्हणाल्या. "मोठा रस्ता बंद झाला, की मेंदू आडवाटा शोधतो. निरोप जातो, पण गल्लीबोळातून. आपण सेकंदात बोलतो ते जुळवायला त्याला तास लागू शकतात. पण शक्य आहे म्हणजे झालं, असं नव्हे."

"सिद्ध करायला एक संधी द्या."

"एकच मिळेल. जाळी सलग चार तासांपेक्षा जास्त चालू ठेवता येत नाही, तापते. बाराला चालू केली तर चारला बंद. चारला मला जाळीचा निर्णय घेणाऱ्या समितीला उत्तर द्यायचंय. आणि प्रश्न असा हवा, की उत्तर खोलीतल्या कोणालाच माहीत नाही. नंतर मात्र तपासता आलं पाहिजे. 'कसं वाटतंय' वगैरे मी धरणार नाही."

अकरा वाजता तिसऱ्या मजल्यावरच्या बाकावर तिघं बसले होते. तस्नीम, तिची आई हलीमा, आणि धाकटा भाऊ अल्ताफ. कारखाना आता अल्ताफच बघत होता.

"मी विचारते," अम्मी म्हणाली. "माझाच प्रश्न घाला. त्या दिवशी सकाळी मी त्यांना खूप बोलले गं. ते चहा तसाच ठेवून गेले. माझ्यावर राग आहे का, एवढं विचारा."

"अम्मी, त्याचं उत्तर हो आलं काय, नाही आलं काय, खरं कसं ठरवणार?"

"मला कळेल."

"तुला कळेल. समितीला कसं कळेल?"

अम्मीने पदर तोंडाला लावला. तस्नीमने तिचा हात धरला, पण प्रश्न बदलला नाही.

"आपा, एक सांगू?" अल्ताफ म्हणाला. "रागावू नको. दोन महिने झाले. उत्तर आलं नाही, तर अम्मी पुन्हा पहिल्यासारखी खचेल. आणि आलं तरी असं पडून राहायचं? त्यांना सोडू या."

"त्यांना विचारू दे, मग सोडू."

"तू पुण्यात बसून म्हणतेस. इथे रोज मी येतो."

ते खरं होतं. तस्नीमने ते गिळलं. "मग तूच सांग. अब्बांना माहीत आहे आणि आपल्याला कोणालाच नाही, असं काय आहे?"

अल्ताफ बुटाच्या टोकाकडे बघत म्हणाला, "एक तंबोरा आहे. माडीवर कुलूप घालून ठेवलाय मी. पडले त्याच्या आधी महिनाभर त्यावरच बसायचे. कोणाचा म्हणून विचारलं, तर सांगितलं नाही. वहीत नोंद नाही."

"मग कुलूप का घातलंस?"

"कोणी बघू नये म्हणून. हात चुकलाय त्यांचा, आपा. घोडीवर खर्जाच्या तारेची खाच भलत्याच बाजूला पाडलीय. खुंट्याही उलट्या. चाळीस वर्षं तंबोरे केलेला माणूस असं करेल? डोकं तेव्हाच बिघडायला लागलं असणार. आणि मला दिसत असून मी डॉक्टरकडे नेलं नाही."

हे त्याने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. अम्मीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"हाच प्रश्न," तस्नीम म्हणाली.

बारा वाजून दहा मिनिटांनी प्रश्न गेला. 'माडीवरचा तंबोरा कोणाचा आहे?' श्रेणिकने त्याआधी पॅनेलचा 'पुढचा प्रश्न' बंद केला, आणि खात्री म्हणून बटणावर चिकटपट्टी लावली. उत्तर आलं, २०२. सोबत पत्ता.

"चालू आहे," तस्नीम कुजबुजली. "आता कोणी काही विचारायचं नाही. तोंडानेसुद्धा. अम्मी, तूही नाही."

हे अम्मीला सर्वांत जड गेलं. दोन महिने ती खाटेशी बसून बोलत होती. ऊन लागतंय का, पंखा लावू का, शेजारची सून बाळंत झाली. आता ती नवऱ्याच्या पावलावर हात ठेवून ओठ मिटून बसली. डोळे पाझरत होते, पण शब्द नाही.

दर दहा मिनिटांनी तस्नीम त्या पत्त्यावर जाऊन बघायची. नुसतं बघण्याने काही पुसलं जात नव्हतं, हे तिने पुस्तकात दोनदा वाचून घेतलं होतं. बारा वीस, २०२. बारा तीस, २०२. एक वाजता, २०२. दर वेळी आकडा बघून तिला आनंदच व्हायचा. २०४ आला असता तर खोली रिकामी होती. २०२ म्हणजे आत कोणीतरी खटपट करत होतं. कोणीतरी म्हणजे अब्बा. पापणी न हलवता, छताकडे बघत, मोडलेल्या रस्त्यांतून एकेक अक्षर ओढून आणत असलेले अब्बा!

एक वाजून पन्नास मिनिटांनी डॉ. आवटी येऊन मागे उभ्या राहिल्या. दोन वाजून वीस मिनिटांनी सदतिसाव्या दिवसाची वेळ ओलांडली. २०२. अल्ताफ खिडकीशी जाऊन उभा राहिला. श्रेणिकने जेवणाचा डबा उघडला आणि न खाता बंद केला. अडीच, २०२. पावणेतीनला तस्नीमने नियम मोडला आणि दर मिनिटाला बघू लागली.

दोन वाजून बावन्न मिनिटांनी स्क्रीनवर मजकूर आला.

'तो तंबोरा मी माझ्या लेकीसाठी, तस्नीमसाठी केला आहे.'

अम्मी ओरडलीच. श्रेणिकने अल्ताफला मिठी मारली. डॉ. आवटींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बोलले," त्या म्हणाल्या. "शिकलगार बोलले! मी समितीला कळवते. जाळी राहणार."

तस्नीमला काही दिसत नव्हतं. डोळे भरून आले होते. लहानपणी तिला तंबोरा हवा होता. अब्बा म्हणाले होते, बघू. ते बघू तीस वर्षं लांबलं, ती पुण्याला गेली, गाणं सुटलं. आणि ते विसरले नव्हते. तिने डोळे पुसले, ते वाक्य पुन्हा वाचायला. तेव्हा तिची नजर सवयीने वरच्या कोपऱ्याकडे गेली.

तिथे २०० नव्हता. २०३ होता.

सतरा वर्षांत मजकुराआधी आकडा बघायची सवय लागली होती. आजच एकदा चुकली होती.

जाळी आणि पॅनेलच्या मध्ये एक प्रणाली होती. तिला सगळे 'लेखनिक' म्हणत. मेंदूतून तुकडे येतात, तुटके, मागेपुढे झालेले. त्यांचं नीट वाक्य करायचं काम लेखनिकाचं. त्यासाठी त्याला शिकलगार कुटुंबाची पत्रं, ध्वनिमुद्रणं, निरोप, सगळं शिकवलेलं होतं. जिथे तुकडा कमी पडेल, तिथे तो अंदाजाने भरायचा. दोनशे तीन म्हणजे हेच. उत्तर मिळालं, पण मूळ मालकाकडून जसं निघालं तसं नाही. वाटेत निरोप्याने त्याला हात लावलाय.

डॉ. आवटी फोनवर आकडे दाबत होत्या. खोलीत सगळे हसत होते. तिने एक शब्द बोलायची गरज नव्हती. जाळी वाचत होती. अब्बा वाचत होते. वाक्य तर असं, की त्यासाठी तिने आयुष्यभर वाट पाहिली असती. पण यापुढे रोज लेखनिकच बोलेल, अब्बांच्या नावाने, आणि ज्याला जे ऐकायचंय ते. अम्मीला म्हणेल, राग नाही. अल्ताफला म्हणेल, तुझी चूक नाही. आणि आत पडलेला माणूस ते सगळं ऐकत राहील. त्याला नाही म्हणायलाही तोंड नसेल.

"डॉक्टर, थांबा," ती म्हणाली.

"काय?"

"हे त्यांचं वाक्य नाही. खूण दोनशे तीन आहे. लेखनिकाने रचलंय. किती त्यांचं, किती त्याचं, माहीत नाही."

"आपा, वेड लागलंय तुला?" अल्ताफ जवळ आला. "तुझं नाव आहे त्यात!"

"म्हणूनच शंका आली."

"बेटा," अम्मी म्हणाली, "कशाला खोदतेस? आलं ना उत्तर?"

"उत्तर आलं, अम्मी. कोणाचं ते बघू दे."

डॉ. आवटींनी फोन खाली घेतला. "मूळ तुकडे मागता येतात?"

"येतात. लेखनिकाला वगळून सरळ जाळीकडे. जेवढं असेल तेवढं दे, अर्धं असलं तरी चालेल, असं म्हणून."

"आणि आत काहीच नसलं तर?"

"तर सही करते," तस्नीम म्हणाली.

तीन वाजून नऊ मिनिटांनी तिने मागणी टाइप केली. बोट बटणावर ठेवलं, उचललं, परत ठेवलं. दाबलं.

२०६.

ती इतक्या जोराने हसली, की बाहेरची नर्स आत डोकावली. "दोनशे सहा! अर्धवट मजकूर! पूर्ण नाही, पण आहे तो मूळचाच. मध्ये कोणी हात लावलेला नाही!"

स्क्रीनवर पाच तुकडे होते.

'कुरुंद लाटक बाई डाव हाता'

"यात तस्नीम नाही," श्रेणिक हळूच म्हणाला.

"नाही," तस्नीम म्हणाली. तिला वाईट वाटायला हवं होतं. पण अंगावर शहारा आला होता आणि तो जात नव्हता. असलं ओबडधोबड, कोणालाही खूश न करणारं उत्तर अब्बांशिवाय कोण देईल?

"कुरुंद म्हणजे कुरुंदवाड," डॉक्टर म्हणाल्या. "लाटक? लाटकर असेल. लाटकर बाई. आणि पुढे डाव?"

अल्ताफ भिंतीला टेकला आणि सरकत खालीच बसला.

"डाव्या हाताची," तो म्हणाला. "डावखुरी बाई. आपा, खाच उलटी नाहीये ती. डाव्या हाताने छेडायचा तंबोरा आहे. खुंट्या, खाचा, सगळं बरोबर आहे. त्यांचा हात चुकला नव्हता. मला वाचता आला नाही."

तो हसत होता आणि रडत होता. अम्मीने जाऊन त्याचं डोकं पोटाशी धरलं.

"हे अजून सिद्ध झालेलं नाही," डॉ. आवटी म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज चढला होता. "तीन वाजून पंधरा झालेत. ही बाई शोधा."

अल्ताफने कुरुंदवाडच्या एका तबलजीला फोन लावला. त्याने भजनी मंडळाच्या कोणालातरी विचारलं. तीन वाजून सत्तावीस मिनिटांनी नंबर मिळाला. कुसुम लाटकर, निवृत्त शिक्षिका, घरी गाण्याचे वर्ग. डॉक्टरांनी बजावलं, "तुम्ही काही सुचवायचं नाही. फक्त विचारायचं." फोन स्पीकरवर टाकला. चार वेळा वाजला.

"कोण बोलतंय?"

"नमस्कार बाई. मी मिरजेहून तस्नीम शिकलगार. दस्तगीर शिकलगारांची मुलगी."

"अगं बाई! बोल की. माझा तंबोरा झाला का?"

अम्मीने दोन्ही हात तोंडावर दाबले. तस्नीमने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी खुणेने पुढे विचारायला सांगितलं.

"बाई, तुम्ही तंबोरा कोणत्या हाताने छेडता?"

"डाव्या. तेच तर दुखणं आहे माझं. उजवा हात शाळेत असतानाच मोडला, नीट जुळला नाही. पन्नास वर्षं उलटा तंबोरा मांडीवर घेऊन गातेय. तुझे वडील एकदा कार्यक्रमाला आले होते. बघितलं आणि म्हणाले, तुमच्या हाताचा करून देतो. मी म्हटलं, कोणाला सांगू नका हं, झाला नाही तर लोक हसतील. का गं? काय झालं?"

डॉ. आवटींनी पॅनेलजवळचं संमतिपत्र उचललं, मधोमध फाडलं, आणि समितीला फोन लावत बाहेर गेल्या. दारातून त्यांचा आवाज येत होता. "हो, सिद्ध. नाही, वाक्य नाही, तुकडे. तुकडे आहेत म्हणूनच सिद्ध. मी येऊन समजावते."

श्रेणिकने जाळी बंद करायची तयारी सुरू केली. थांबून तो खाटेजवळ गेला आणि वाकून म्हणाला, "साहेब, माफ करा. उद्यापासून घाई नाही."

अम्मी पावलांपाशी परत बसली होती. आता तिला बोलायला मोकळीक होती, पण ती बोलली नाही. नुसती हसत राहिली.

"हॅलो? आहेस का गं?" फोनमधून बाई म्हणाल्या.

"आहे, बाई. अब्बा आजारी आहेत, पण हुशारीत आहेत. तंबोरा थोडा राहिलाय. अल्ताफ, माझा भाऊ, पूर्ण करेल. त्यांना विचारून."

"बरं बरं. कधीपर्यंत होईल?"

"तेही त्यांनाच विचारावं लागेल. उद्याचा पहिला प्रश्न माझ्या आईचा आहे. तुमचा परवा लावते. एका उत्तराला दोन-तीन तास लागतात."

पलीकडे बाई हसल्या.

"लागू देत की," त्या म्हणाल्या. "तंबोरा करणाऱ्याला कोणी घाई करतं का?"